आडात आहे, पण पोहरा? उपजत गुण मोठा की घरची साथ?

ट्रॅककाठी (धागाकर्ती)

पुण्यातल्या सणस मैदानावर मी रोज सकाळी ६ ते ७.३० मुलींना पळायला शिकवते. नोकरी वेगळी आहे, हे आवडीचं काम, ११ वर्षं चालू आहे. सध्या माझ्याकडे १३ वर्षांच्या दोन मुली आहेत. त्यांच्यावरून आमच्या घरात रोज वाद होतो, म्हणून इथे विचारते.

पहिली पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली. शाळेतल्या शर्यतीत तिच्या बाईंनी तिला पाहिलं आणि माझ्याकडे धाडलं. पहिल्याच दिवशी मी तिला ६०० मीटर पळायला लावलं. अनवाणी पळाली, भावाची हाफपँट घालून. घड्याळात १ मिनिट ५२ सेकंद. मला वाटलं घड्याळ उशिरा दाबलं गेलं. शेवटच्या वळणावर मुलींचे खांदे कानाकडे चढतात, मान ताठरते, पावलं आपटायला लागतात. हिचं यातलं काहीही झालं नाही. थांबली, आठ-दहा श्वासांत सावरली आणि म्हणाली, "बाई, अजून एक मारू का?"

दुसरी सहकारनगरची. वडील रोज पावणेसहाला स्कूटरवरून आणतात, पायऱ्यांवर बसून राहतात, सराव संपला की डब्यातली अंडी आणि खजूर देतात. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा हेच अंतर २ मिनिटं १४ सेकंदांत पळायची आणि नंतर पाच मिनिटं बोलू शकायची नाही. आज १ मिनिट ५५.

पहिली आठवड्यातून दोनदा येते, कधी एकदाच. वस्तीत नळाला पाणी सकाळी ५.३० ते ७. आई पोळ्यांच्या कामाला सहालाच बाहेर पडते, भाऊ लहान, मग हंडे घेऊन रांगेत हीच. दुसरी दोन वर्षांत सात-आठ दिवस चुकली असेल.

जिल्ह्याच्या स्पर्धेला दुसरीच जाणार, कारण निवडीच्या दिवशी पहिली आलीच नाही.

नवरा म्हणतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पहिलीत जे आहे ते दुसरीत कधी यायचं नाही, तू तुझा वेळ पहिलीवर घाल. आई म्हणते, जी रोज दारात उभी राहते तिला शिकव. माणूस पुढे जातो तो उपजत गुणावर की घरच्या साथीवर? तुमचे अनुभव सांगा, नुसती मतं नकोत.

पेठेतली मुक्ता

तुमच्या आईंना +१. जी मैदानावर येते तिलाच शिकवता येतं.

षड्ज

मी ३० वर्षं गाणं शिकवतोय, त्यामुळे कटू वाटलं तरी स्पष्ट लिहितो. उपजत गुण असतो, आणि तो नाही असं म्हणणं मुलांवरच अन्याय करणारं आहे. तंबोरा लावून मी नव्या मुलाला फक्त 'सा' लावायला सांगतो. काही मुलं आधी ऐकतात, मग आवाज सोडतात, आणि तो तंबोऱ्यात असा मिसळतो की वेगळा काढता येत नाही. काही मुलं दोन वर्षांनंतरही किंचित खाली लागतात आणि ते त्यांना कळत नाही. कळत नाही हेच खरं दुखणं. त्यांचे आईवडील क्लासची फी कधी चुकवत नाहीत, हार्मोनियम घेऊन देतात, डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला घेऊन येतात. घरची साथ शंभर टक्के. पण कान कुणी विकत आणून देत नाही.

भीमसेन जोशींचंच बघा. वडील गदगचे शिक्षक. मुलगा अकराव्या वर्षी गाणं शिकायला घर सोडून पळाला, तिकिटाशिवाय गाडीत बसून, गात गात. त्याला कुणी स्कूटरवरून सोडलं नव्हतं. आतून धक्का असला की मूल वाट शोधतं.

नांगरट

आड आणि पोहऱ्याचा विषय निघालाय तर आम्हा दुष्काळी पुरंदरच्या लोकांना बोलायचा हक्क आहे :)

आडात पाणी आहे की नाही हे वर उभं राहून कळत नाही हो. पोहरा सोडावा लागतो, आणि पोहऱ्याला दोर लागतो. ज्यांच्याकडे दोर नाही त्यांचे आड आपण कोरडे धरतो.

दुसरं. एका पिशवीतलं ज्वारीचं बी घ्या. अर्धं काळ्या रानात पेरा, अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानात काही ताटं डोक्याच्या वर जातात, काही छातीला राहतात. पाणी, खत, ऊन सगळ्यांना सारखं मिळालं, तेव्हा हा फरक बियाचा. माळावरही असाच उंचसखलपणा दिसेल. पण माळावरचं सगळ्यात उंच ताट काळ्या रानातल्या मधल्या ताटाएवढंही भरत नाही, आणि तो फरक मातीचा. म्हणजे एका रानात उभं राहून पाहिलं तर बी जिंकतं, दोन रानांच्या बांधावर उभं राहून पाहिलं तर माती जिंकते. षड्ज, तुम्ही फी भरणाऱ्यांच्या एकाच रानात उभे आहात. तिथे तुम्हाला बियाच दिसणार.

षड्ज

नांगरट, हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं.

तिसरी घंटा

षड्ज, भीमसेनजींची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. पळून ग्वाल्हेरला पोचले, पुढे थेट जालंधर. आणि शेवट कसा झाला? वडील शोधत जालंधरला गेले आणि मुलाला घरी घेऊन आले. चार रट्टे देऊन शाळेत बसवलं असतं तर? १९३६ पासून ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला राहिले. गुरूच्या घरी पाणी भरलं, पडेल ते काम केलं, पण रोज कानावर गाणं. मला तर यात घरची साथ भरपूर दिसते, फक्त ती दोन घरांची आहे.

त्याच गुरूंकडे गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने शिकायला जायच्या. घर तिकडे, शिकवणी इकडे, संसार आणि गाडीचं वेळापत्रक मधे. दोघेही एकाच दारातून मोठे झाले. ते दार नसतं तर?

एकच सायकल

वाचत होते नुसतं, पण राहवत नाही.

१९७८ साली आम्ही नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचो. मी आणि भाऊ एका वर्षाच्या अंतराने. दहावीला मला गणितात १५० पैकी १४३, त्याला ११८. भावाबद्दल माझ्या मनात काहीही नाही, तो आजही माझा सगळ्यात जवळचा माणूस आहे. पण घरात सायकल एकच होती आणि ती त्याची होती. अकरावीला मला जे कॉलेज हवं होतं ते लांब होतं. वडील म्हणाले, "चालत जाता येईल असं बघ." मी चालत जाता येईल असं कॉलेज बघितलं, तिथे विज्ञान शाखा नव्हती. इतकं साधं होतं ते. कुणी रागावलं नाही, कुणी दार बंद केलं नाही. सायकल एक होती.

तो इंजिनियर झाला. मी ३१ वर्षं बँकेत काउंटरवर होते. दिवसाचा हिशेब मी मशीनच्या आधी तोंडी जुळवायचे, साहेब लोक पाहायला यायचे. म्हणून म्हणते, गुण होता की नव्हता हा प्रश्न मला पडतच नाही.

संगीतकार मोत्झार्टची बहीण नानर्ल त्याच्यापेक्षा साडेचार वर्षांनी मोठी होती. वडील दोघांना घेऊन युरोपभर दौरे करायचे आणि लोक तिच्याही वादनावर खूश असायचे. लग्नाच्या वयाची झाल्यावर दौरे तिच्यापुरते संपले, पुढे फक्त भाऊ गेला. आईबाप एक, घर एक, गुरू एक.

कोथरूडकर शेखचिल्ली

ताई, तुमची सायकल डोळ्यांसमोरून जात नाहीये. माझ्या आईला आत्ता फोन केला आणि विचारलं, तुला काय शिकायचं होतं? २० मिनिटं बोलत होती. मी ४२ वर्षांचा आहे आणि हे तिला पहिल्यांदा विचारलं.

लाल माती

मी चिंचेच्या तालमीत लहानपणी जायचो. वस्तादाची नजर कशी असते ते सांगतो. पोरगं तालमीत आलं की तो दंड बघत नाही, मनगट आणि मान बघतो. पडल्यावर कसं उठतं ते बघतो. म्हणजे उपजत काहीतरी असतंच. पण त्याच्या पुढचा प्रश्न घरच्यांना असतो: "खुराक झेपेल का?" दूध, तूप, बदाम, मटण. खुराक तुटला की चांगल्या पैलवानाचं अंग वर्षाच्या आत उतरतं. गावाकडे अख्ख्या भावकीने एका पोराचा खुराक उचललेला मी पाहिलाय.

खाशाबा जाधव घ्या. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. आता कुस्ती रक्तातून आली की रांगायच्या वयात आखाड्यातली माती अंगाला लागली म्हणून आली, हे कोण सांगणार? १९४८ ला लंडनला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते असं. डाव खाशाबांचा, हे खरंच. पण घर खर्डेकरांचं होतं.

पेठेतली मुक्ता

खर्डेकरांचं वाचून अंगावर काटा आला. धागाकर्तीच्या आईंना दिलेलं +१ मी अर्धं परत घेते.

विदा आणि विदूषक

संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात सांगतो, माझा हाच विषय आहे.

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला. सगळ्यात वरच्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी १० हजार तासांच्या आसपास एकट्याने सराव केला होता. त्यावरून लोकांनी 'दहा हजार तास घाला, कुणीही उस्ताद होईल' असा नियम काढला. तो अभ्यास असं म्हणत नव्हता, १० हजार ही सरासरी होती. २०१४ मध्ये असे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासले गेले. माणसामाणसांतल्या फरकापैकी सरावाने समजावता आलेला भाग संगीतात २१ टक्के आणि खेळांत १८ टक्के निघाला. म्हणजे षड्जांचा अनुभव बरोबर आहे, नुसता सराव पुरत नाही.

आता नांगरट यांच्या माळरानाबद्दल. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर यांनी अमेरिकेतल्या ७ वर्षांच्या जुळ्या मुलांच्या बुद्ध्यंकांचा अभ्यास छापला. सुखवस्तू घरांत मुलांमधला बराचसा फरक अनुवंशिकतेने समजावता येत होता. अगदी गरीब घरांत अनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्यावर आला. पुढे सगळ्या देशांत हे तसंच आढळलं नाही, तरी मला त्याचा अर्थ असा लागतो: पोटभर जेवण, झोप, पुस्तक, शांत कोपरा मिळाला की मग कुठे जन्माने काय दिलंय ते दिसायला लागतं. नांगरट यांनी हे ज्वारीवर ओळखलं होतं.

उंट तिरका

बुद्धिबळातून एक. हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांचं ठाम मत होतं की प्रतिभावंत जन्मत नाहीत, घडवले जातात. मुली व्हायच्या आधीच त्यांनी हे ठरवलं होतं. तीन मुलींना घरीच शिकवलं, बुद्धिबळ केंद्रस्थानी. मोठी झुझा महिला विश्वविजेती झाली. धाकटी युदित १९९१ मध्ये १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम मोडून, आणि पुढे पुरुषांसकट जगातल्या पहिल्या दहांत आली. साथ जिंकली म्हणा.

पण मधली सोफिया? तीही फार चांगली खेळाडू, मात्र बहिणींइतकी पुढे गेली नाही. घर तेच, वडील तेच, पटसुद्धा तोच. मी हे उदाहरण क्लबात दोन्ही बाजूंनी वापरलेलं ऐकलंय, आणि दोन्ही वेळा मला पटलं.

चौथा अटेम्प्ट

मी आष्टी तालुक्यातला, बीड जिल्हा. सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली, स्पर्धा परीक्षेसाठी. अभ्यासिकेत २४ तास जागा, महिन्याला टेबल आपलं. आम्ही दोघांत एक डबा घ्यायचो. भाजी पुरायची, पोळ्या कमी पडायच्या, मग मेसवाल्या काकू न मागता दोन जास्त घालायच्या. त्या काकूंना मी आजही दिवाळीला फोन करतो.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्यापेक्षा हुशार नव्हता. हे मत्सराने म्हणत नाही. तो मला विचारून अर्थशास्त्र शिकला. पण त्याचा मोठा भाऊ आधीच अधिकारी होता. त्यामुळे काय वाचायचं नाही हे त्याला पहिल्या दिवशी माहीत होतं. मी पहिलं दीड वर्ष नको ती पुस्तकं पाठ केली, अप्पा बळवंत चौकातून जो जे सांगेल ते घेऊन यायचो. त्याला कळलं होतं की पहिल्या वर्षापासून रोज उत्तर लिहायचं. मला ते मुख्य परीक्षेला बसल्यावर कळलं. घरची साथ म्हटलं की लोक पैशाबद्दल बोलतात. माझ्या वडिलांनी पैसे कधी कमी पडू दिले नाहीत, दोन म्हशी विकल्या आणि मला सांगितलंही नाही. नव्हतं ते एवढंच, की असं कर, तसं नको, हे सांगणारं माणूस.

चौथ्या अटेम्प्टला ७ गुणांनी गेलं. तो निवडला गेला, आणि योग्य माणूस निवडला गेला. मी आता तालुक्याला अकरावी-बारावीला शिकवतो. पुण्याला जाणारं कोणतंही पोरगं मी तासभर बसवून घेतो आणि काय वाचायचं नाही ते आधी सांगतो.

ट्रॅककाठी ताई, आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) आशियाई सुवर्णपदक घेऊन आला. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. शाळेला पळत जायचा. पण स्टीपलचेस नावाचा प्रकार असतो हे त्याला गावात कोण सांगणार होतं? तो लष्करात गेला, तिथे त्याला ते सापडलं. गुण गावातच होता, लष्कराने तो पोसला.

एकच सायकल

चौथा अटेम्प्ट, बाळा, वडिलांच्या म्हशींचं वाचून गलबललं. तासभर बसवून घेतोस ना, तेच खरं काम.

शटलकाका

मला दुसऱ्या मुलीच्या वडिलांची बाजू मांडायची आहे, कारण मी तोच होतो. बॅडमिंटन. मुलगी ८ वर्षांची असल्यापासून पहाटे साडेचारला उठायचं, बाणेरपर्यंत गाडी, परत येऊन ऑफिस. रॅकेट, शटल, स्पर्धांचे प्रवास. घरातली प्रत्येक सुट्टी स्पर्धेच्या तारखा बघून ठरायची. मुलगी राज्य पातळीपर्यंत गेली. पंधराव्या वर्षी एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मला उद्या झोपायचंय." मी म्हटलं, झोप की, एक दिवस. ती म्हणाली, "एक दिवस नाही."

आमची साथ तिच्या अंगावर ओझं होऊन बसली होती आणि मला ते सात वर्षं कळलं नव्हतं. आता ती चित्रकला शिकते, आनंदात आहे. म्हणून सांगतो, साथ किती दिली ते मोजू नका, मुलीला काय वाटतं ते विचारा. ट्रॅककाठी, तुमच्या दोन्ही मुलींना पळायला आवडतं का?

मिरवणूक

आणि दुसरीला 'बिनगुणी' ठरवू नका ना. २ मिनिटं १४ वरून १ मिनिट ५५. १९ सेकंद! दोन वर्षं रोज हरणाऱ्या जागी परत उभं राहणं हा गुण नाही तर काय आहे? चिकाटीसुद्धा काही मुलांना जन्मतःच थोडी जास्त मिळते आणि काहींना घर शिकवतं. एखादी गोष्ट घड्याळात दिसत नाही म्हणून ती उपजत नाही असं थोडंच आहे.

ट्रॅककाठी

मिरवणूक, तुम्ही बरोबर आहात, लाज वाटली वाचून. शटलकाका, दोघींना विचारते. लगेच नाही, मैदान रिकामं झाल्यावर.

शटलकाका

रिकामं झाल्यावरच विचारा. बाप पायऱ्यांवर असताना उत्तर वेगळं येतं.

गोळ्या वेळेवर घ्या

मी डॉक्टर आहे. सगळी चर्चा वाचली, छान आहे, पण कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते: पहिल्या मुलीचं हिमोग्लोबिन किती आहे? या वयात १२ च्या वर हवं. वस्तीतल्या आणि बंगल्यातल्याही मुलींत कमी निघतं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. पुष्कळ मुली मळमळतं म्हणून ती ओढणीत लपवून फेकून देतात. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. जेवणानंतर घ्यायला सांगा, वर लिंबू किंवा आवळा, आणि लगेच चहा नको. आधी हे, मग गुण आणि साथ.

ध्रुवपद

ज्यांचा उपजत बुद्धीवर सगळ्यात जास्त विश्वास, त्यांनी तरी काय केलं बघा. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलं शोधून त्यांना घडवण्यासाठी. चाचणी घेऊन थांबले नाहीत, १९६९ मध्ये शाळा काढली. १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती गावाकडच्या मुलांना पुण्यात राहायला जागा देते. त्याच्याही आधी पेठांमध्ये वार लावून जेवून किती जण शिकले. आठवड्याचे सात दिवस सात घरी पान. या गावात शिक्षण नेहमी कुणाच्या तरी ओसरीवर झालंय.

गंजपेठ

ओसरीचा विषय निघाला म्हणून. जोतिबा फुल्यांना त्यांच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेतून काढून मळ्यात कामाला लावलं होतं, हे आपण शाळेत वाचतो आणि विसरतो. त्यांची हुशारी दिसली ती शेजारच्या दोन माणसांना. फारसी शिकवणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. ते दोघे गोविंदरावांकडे गेले आणि म्हणाले, या मुलाला शिकू द्या. वडिलांनी ऐकलं. १८४१ मध्ये जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तिथे शिकवायला उभ्या राहिल्या, आणि त्यांना जोतिबांनीच घरी शिकवलं होतं.

त्या दोन शेजाऱ्यांनी काही गहाण टाकलं नाही. ते फक्त उठून एका घरी गेले आणि बोलले.

ताई, तुम्ही पहिलीच्या घरी गेला आहात का?

ट्रॅककाठी

नाही. ११ वर्षांत मी एकाही मुलीच्या घरी गेलेले नाही. वडील सोडायला येतात, बोलणं तिथेच होतं. ज्यांचे येत नाहीत त्यांच्याशी बोलणं झालंच नाही. रविवारी जाते.

नांगरट

जाताना हातात काहीतरी घेऊन जा. केळी न्या. रिकाम्या हाताने मोठं बोलायला गेलेला माणूस परका वाटतो.

षड्ज

मीही एक कबूल करतो. मागच्या वर्षी आमच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करणारा एक मुलगा जिन्यात गुणगुणत होता. सूर चोख. मी दार उघडून ऐकलं आणि दार लावून घेतलं. त्या कंपनीचा नंबर लिफ्टच्या दारावरच लिहिलेला आहे. उद्या फोन करतो.

कोथरूडकर शेखचिल्ली

षड्ज, फोन केलात की इथे कळवा. आम्ही वाट बघू.

ट्रॅककाठी

दहा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

रविवारी गेले, केळी घेऊन. एक खोली, भिंतीवर तिची शर्यतीची तीन प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेली, ओल येते म्हणून. आईला वाटलं मी तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, तुमची मुलगी पुण्यात मी पाहिलेल्या मुलींत सगळ्यात चांगली पळते. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ती सांगत होती. मला वाटलं, पोरगी आहे, बढाया मारते."

पाण्याचं काही करता येत नाही, नळाची वेळ आमच्या हातात नाही. मग माझ्या लक्षात आलं की सकाळची वेळ तर माझ्या हातात आहे. ११ वर्षं मी सकाळीच शिकवते कारण मला ऑफिस आहे. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी ६ ते ७.१५ सुरू केलं. आईची एकच अट: अंधारात एकटी परत येणार नाही. दुसरीच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठल्या गल्लीत?" आता दोघी एकाच स्कूटरवरून जातात, पहिली मधे, दुसरी मागे.

डॉक्टरताई, हिमोग्लोबिन ९.८ निघालं. म्हणजे १ मिनिट ५२ ती त्यावर पळाली होती. गोळ्या ती खरंच फेकत होती. आता माझ्यासमोर, चिक्की खाऊन झाल्यावर घेते.

शटलकाका, दोघींना वेगवेगळं विचारलं. दुसरी म्हणाली, पळायला आवडतं, पण बाबांनी रोज वेळ वहीत लिहू नये. मी बाबांना सांगितलं. वही आता माझ्याकडे असते. पहिली म्हणाली, "पळताना कुणी हाक मारत नाही ना, म्हणून आवडतं."

गेल्या शनिवारी पहिली आली नाही, भाऊ तापाने आजारी होता. या मंगळवारी आली. दोघींना शेजारी ठेवून ३०० मीटरचे चार पळवले. तिसऱ्यापर्यंत पहिली पुढे होती. चौथ्यात तिची दमछाक झाली आणि दुसरी पुढे गेली. पहिली वाकून गुडघे धरून उभी होती. दुसरी तिच्याजवळ जाऊन श्वास कसा घ्यायचा ते सांगत होती: नाकाने नाही, तोंड उघडून, खांदे सोड.

गोळ्या वेळेवर घ्या

९.८! दोन महिन्यांनी परत तपासा. तोपर्यंत तिला दमवू नका.

षड्ज

त्या मुलाने फोन उचलला. गुरुवारी येतोय. त्याची सुट्टी गुरुवारी असते म्हणून मी क्लासचा दिवस बदलला.

लाल माती

ट्रॅककाठी, पहिलीचा खुराक माझ्याकडे. महिन्याचं दूध आणि अंडी. व्यनि (खासगी निरोप) करतो, नाव कुठे लिहू नका.

चौथा अटेम्प्ट

ताई, ती अजून अनवाणीच पळते का?

ट्रॅककाठी

हो. सिंथेटिक ट्रॅक दुपारच्या उन्हाने तापलेला असतो, संध्याकाळीही तळव्याला लागतो. माझ्याकडे जुने स्पाइक्स (तळाला खिळे असलेले पळायचे बूट) आहेत ते मोठे होतात, तिने घालून पाहिले आणि टाचेला साल निघाली. तिचा नंबर ५. कुणाच्या मुलीचे लहान झालेले घरात पडून असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

मिरवणूक

५ नंबर आहेत. खिळे दोन पडलेत, टिळक रोडवर बसवून मिळतात. शनिवारी सहाच्या आधी मैदानावर आणून देते.